युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्क : प्राध्यापक व विद्यार्थी

आयर्लंडच्या दक्षिणेकडील कॉर्क शहरातील विद्यापीठ. १८४५ मध्ये ‘क्वीन्स कॉलेज’ म्हणून स्थापना. अध्यापनास प्रारंभ १८४९ मध्ये. त्याच वर्षी गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून आलेले जॉर्ज बूल (१८१५–६४) हे येथील सर्वांत मोठे नाव. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. गणित त्यांनी स्वतःच्या बळावर आत्मसात केले. तर्काला बीजगणिताचे रूप देणारा त्यांचा ग्रंथ १८५४ मध्ये, म्हणजे कॉर्कच्याच वास्तव्यात, प्रसिद्ध झाला. आजच्या संगणकातील शून्य-एकच्या व्यवहाराचा पाया याच बीजगणितात आहे, मात्र त्याचे मोल जगाला कळायला पाऊणशे वर्षे लागली. पावसात चिंब भिजून, ओल्या कपड्यांनिशी व्याख्यान दिल्यावर ते आजारी पडले व ८ डिसेंबर १८६४ रोजी निवर्तले. त्यांच्या पत्नी मेरी या भारताचे महासर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी.

मेरी रायन १९१० मध्ये येथे रोमान्स भाषांच्या प्राध्यापिका झाल्या. संगीतकार शॉन ओ रिआडा येथे अध्यापक होते, तर कथाकार शॉन ओ फेलॉन विद्यार्थी. येथेच कायदा शिकलेले जॅक लिंच आधी हर्लिंग या आयरिश खेळातील खेळाडू म्हणून गाजले, नंतर दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झाले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला बूल यांचेच नाव आहे.