मॉनमथची सफरचंदं आणि जॅक रोझ

जॅक रोझमध्ये जिन्नस तीनच: सफरचंदाची ब्रँडी, लिंबाचा रस आणि डाळिंबाचा पाक, म्हणजे ग्रेनेडीन. 1948 साली डेव्हिड एम्बरी या पेशाने वकील असलेल्या गृहस्थांनी कॉकटेलांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी सहा पेयं पायाभूत मानली: मार्टिनी, मॅनहॅटन, ओल्ड फॅशन्ड, डायकिरी, साइडकार आणि जॅक रोझ. पहिली पाच आजही बऱ्यापैकी बारमध्ये मागताक्षणी मिळतात. सहावं मागितलं, तर समोरचा तरुण बारटेंडर हळूच फोन काढतो. लोकांची आवड बदलली, असं याचं कारण सांगतात. मला ते पटत नाही. हे पेय ज्या दोन बाटल्यांवर उभं होतं, त्या दोन्हींतून फळच काढून घेतलं गेलं.

मी वेंगुर्ल्याची. लग्नानंतर न्यू जर्सीत आले, फ्लेवर बनवणाऱ्या एका कंपनीत केमिस्ट म्हणून निवृत्तीपर्यंत नोकरी केली आणि राहते मॉनमथ काउंटीत, फ्रीहोल्डजवळ. स्वातंत्र्ययुद्धातली मॉनमथची लढाई 28 जून 1778 रोजी इथंच झाली. त्या रणभूमीला लागून आजही सफरचंदाच्या बागा आहेत आणि सप्टेंबर लागला की मुलाबाळांना घेऊन लोक फळं तोडायला येतात. अडीचशे वर्षांपूर्वी मात्र इथलं सफरचंद बहुतेक पिण्यासाठीच लावलं जाई. बी रुजवून वाढवलेलं सफरचंदाचं झाड आईवर जात नाही. फळ बहुधा आंबट, तुरट निघतं. ते चेचायचं, रस काढायचा, आंबवायचा. त्यातून होणारी हार्ड सायडर साधारण सहा-सात टक्क्यांची. उन्हाळ्यात पिंप जपलं नाही तर तिचा शिरका होई. शिवाय गाडीतून बाजारात न्यायची म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच वाहून न्यायचं. तीच सायडर ऊर्ध्वपातित केली की ओझं कमी, मोल जास्त आणि नासण्याची भीती नाही. शेतकऱ्याचा हा सरळ हिशेब होता आणि त्यातूनच अॅपलजॅक, म्हणजे सफरचंदाची ब्रँडी, उभी राहिली.

अॅपलजॅकची एक गोष्ट सगळे आवडीने सांगतात. कडाक्याच्या थंडीत सायडरचं पिंप उघड्यावर ठेवायचं, सकाळी वर जमलेला बर्फ काढून टाकायचा, असं काही दिवस केलं की उरतं ते कडक. प्रकार खरा आहे, वसाहतींत तो होत असे. पण या पद्धतीने किती कडक करता येतं, याला निसर्गानेच मर्यादा घातली आहे. पाणी शून्य अंशाला गोठतं, पण त्यात मद्यार्क वाढत जाईल तसा गोठणबिंदू खाली सरकतो. उणे 15 अंश सेल्सियसपर्यंत थंडी पडली, तरी सुमारे तीस टक्क्यांवर गाडं अडतं आणि आमच्या मॉनमथमध्ये पारा त्याहून खाली क्वचितच जातो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. माझं आजोळ गोव्यातल्या पेडण्याचं, तिथं काजूच्या बोंडूंची भट्टी मी लहानपणापासून पाहिली आहे. भट्टीवाला नळीच्या तोंडाशी बसून वासावरून धार ओळखतो: कुठली ठेवायची, कुठली टाकायची. बर्फाला ती पारख नाही. तो फक्त पाणी काढतो. मिथेनॉल, फ्यूजेल तेलं, नको असलेलं सगळं तसंच मागे राहतं आणि घट्ट होत जातं. हा प्रयोग घरी कुणी करू नये. अमेरिकेत परवान्याशिवाय तो गुन्हाही आहे. ज्या ब्रँडीने न्यू जर्सीचं नाव केलं, ती भट्टीतून आलेली, ओकच्या पिंपात मुरलेली होती.

ती करणारं घराणं लेअर्डांचं. 1698 साली हे लोक स्कॉटलंडहून मॉनमथमध्ये आले. रॉबर्ट लेअर्ड वॉशिंग्टनच्या सैन्यात होता. खुद्द वॉशिंग्टनने आमच्याकडून कृती मागवली होती, असं घराणं अभिमानाने सांगतं. धंद्याची स्थापना ते 1780 ची मानतात. कोल्ट्स नेकच्या खाणावळीमागची त्यांची जुनी भट्टी 1849 मध्ये जळाली. दोन वर्षांत जवळच्याच स्कोबीव्हिलला नवी उभी राहिली आणि कंपनीचा पत्ता आजही तोच आहे. 1920 ला दारूबंदी आली, तेव्हा त्यांनी गोड सायडर आणि सफरचंदाचा सॉस विकून दिवस काढले. बंदी उठायच्या थोडं आधी औषधी ब्रँडी करण्याचा सरकारी परवाना मिळाला. त्यामुळे 1933 मध्ये बाजार उघडला, तेव्हा त्यांच्या पिंपांत माल तयार होता. इतर असंख्य लहान भट्ट्या मात्र तोवर कायमच्या विझल्या होत्या.

आता कॉकटेलाकडे. जॅक रोझ हे नाव एका जुगाऱ्यावरून पडलं, अशी दंतकथा आहे. 1912 मध्ये न्यूयॉर्कला हर्मन रोझेंथाल या जुगाराच्या अड्डेवाल्याचा खून झाला आणि चार्ल्स बेकर या पोलीस अधिकाऱ्याला त्यात देहदंड झाला. त्या खटल्यात माफीचा साक्षीदार झालेल्या माणसाचं नाव जॅक रोझ. गोष्ट रंगतदार आहे, पण तारखा जुळत नाहीत. 1905 च्या एप्रिलमध्येच नॅशनल पोलीस गॅझेटने छापलं होतं की या कॉकटेलाचा जनक फ्रँक मे, लोक त्याला जॅक रोझ म्हणतात आणि जर्सी सिटीत 187 पाव्होनिया ॲव्हेन्यूवरचा जीन सलिव्हनचा कॅफे तो सांभाळतो. गडी कुस्तीतही पटाईत असल्याचं त्याच बातमीत आहे. मी या पठ्ठ्याच्या बाजूने आहे. न्यू जर्सीच्या ब्रँडीचं पेय न्यू जर्सीच्याच बारमध्ये जन्मलं, यात नवल ते काय? आणि जर्सी सिटी आम्हा मराठी मंडळींना परकी नाही. तिथल्या न्यूअर्क ॲव्हेन्यूवर आपण पोहे, गूळ, कोकम भरून आणतो.

1908 च्या सुमाराला जॅक ग्रोहुस्को या बारमनच्या पुस्तकात कृती छापली गेली. तिच्यात डाळिंबाऐवजी रास्पबेरीचा पाक आणि दोन्ही जातींची लिंबं होती. पुढे डाळिंब स्थिरावलं. 1926 च्या ‘द सन ऑल्सो रायझेस’ या हेमिंग्वेच्या कादंबरीत नायक पॅरिसच्या क्रियाँ हॉटेलात न येणाऱ्या ब्रेटची वाट पाहत हेच पितो. त्या साली अमेरिकेत ते उघडपणे पिता येत नव्हतं.

घसरण साठच्या दशकात सुरू झाली. लोक व्होडकाकडे वळले, हलकं, वास नसलेलं काहीतरी मागू लागले आणि लेअर्डांनी धान्याचा तटस्थ मद्यार्क मिसळलेली ब्लेंडेड अॅपलजॅक बाजारात आणली. सरकारी व्याख्येप्रमाणे ब्लेंडेड अॅपलजॅकमध्ये सफरचंदाची ब्रँडी किमान 20 टक्के असली की भागतं. कंपनी तगली ती त्या बाटलीवर, हे मी मान्य करते. पण जॅक रोझ तगलं नाही. लिंबू आणि साखर यांच्या पुढ्यात ती ब्रँडी उभीच राहू शकत नाही. तोच प्रकार ग्रेनेडीनचा. कॉर्न सिरप, सायट्रिक ॲसिड, लाल रंग आणि बेरी-व्हॅनिलाच्या अंगाने जाणारा वास, झालं ग्रेनेडीन. मी त्याच धंद्यात होते, म्हणून खात्रीने सांगते: असल्या कित्येक बाटल्यांना डाळिंबाचा एक दाणाही शिवलेला नसतो.

म्हणून घरी करायचं, तर सुरुवात पाकापासून. दोन मोठ्या, गडद डाळिंबांचे दाणे मिक्सरमध्ये नुसते फिरवल्यासारखे करायचे. जास्त फिरवले तर बिया भरडतात आणि रस कडवट होतो. मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायचे. कपभर रसाला कपभर साखर. मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ठेवायचा, उकळी येऊ द्यायची नाही. डाळिंबाचा लाल रंग अँथोसायनिनचा असतो, उकळला की तो तपकिरीकडे झुकतो आणि फळाचा ताजा वासही उडतो. फ्रीजमध्ये हा पाक दोन आठवडे छान राहतो. त्याचे चार थेंब लिंबाच्या रसात टाकून पाहा. आम्ल मिळताच रंग एकदम उजळतो. इथं मला कॅलिफोर्नियाची डाळिंबं वापरावी लागतात, तीही चांगली असतात, पण सोलापूरच्या भगव्याचा पाक याहून सरस होईल, असं माझं ठाम मत आहे.

मग ब्रँडी. लेबलवर ‘बॉटल्ड इन बाँड’ असेल ती घ्यावी. 1897 च्या कायद्याप्रमाणे ती किमान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर 50 टक्क्यांची असते. तशी मिळत नसेल, तर नॉर्मंडीची काल्व्हादोस चालते, फक्त ती मऊ असते, तिला लिंबू थोडं कमी लागतं. एम्बरींचं प्रमाण आठ भाग ब्रँडी, दोन भाग लिंबू, एक भाग ग्रेनेडीन. मला ते फार कोरडं वाटतं. मी 60 मिली ब्रँडी, 20 मिली लिंबाचा रस आणि 15 मिली पाक घेते. पिवळं लिंबू की आपलं कागदी, हा वाद जुना आहे. जुन्या कृतींत दोन्ही सापडतात. मी कागदीच पिळते, त्याचा झणका सफरचंदाला जागं करतो. शेकरमध्ये भरपूर बर्फ, बारा-पंधरा सेकंद जोरात हलवायचं, बाहेरून दव धरलं की थंड केलेल्या ग्लासात गाळायचं. रंग फिकट विटकरी-गुलाबी यायला हवा. भडक लाल आला, तर पाकात काहीतरी खोट आहे.

दुकानात उभे असाल तेव्हा दोन्ही लेबलं वाचा. ग्रेनेडीनच्या घटकांत डाळिंब नसेल किंवा अॅपलजॅकवर ‘ब्लेंडेड’ लिहिलं असेल, तर बाटली परत फळीवर ठेवा.