रायतूरचे पुराण

१५७९ साली टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यास उतरला आणि पुढील सारे आयुष्य त्याने तिकडेच वेचले. साष्टी प्रांतातील देवळे त्यापूर्वीच पाडली गेली होती. जुन्या पोथ्यांनाही बंदी होती. बाप्तिस्मा झाला खरा, परंतु पुराणश्रवणाची पिढ्यान्‌पिढ्यांची ओढ कशी सुटावी? स्टीफन्सच्या काव्यात एक ब्राह्मण नेमके हेच गाऱ्हाणे मांडतो: आमची पुराणे वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही?

त्याला मिळालेले उत्तर म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. देवनागरी खिळे नव्हते म्हणून लिपी रोमन. भाषा मात्र मराठी, अधूनमधून कोकणीची झाक असलेली. स्वर्गाला येथे वैकुंठ हेच नाव आहे. ज्या परंपरेचे ग्रंथ निषिद्ध ठरले, तिच्याच शब्दांवाचून आणि छंदावाचून पाद्र्याचे पाऊल पुढे पडेना! मराठीची त्याने केलेली स्तुती पुष्कळांना मुखोद्‌गत असते. त्या स्तुतीमागची ही अडचण सहसा कोणी सांगत नाही.

१६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषेवरच घाव घातला. तीन वर्षांत लोकांनी ती सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम निघाला. सतराव्या शतकातील मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांच्या आश्रयाने. गोव्याबाहेर, मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या नकला जपल्या होत्या, आणि तशा हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळुरास तो पुन्हा छापला.