एकच ब्रह्म, एकच देव आणि वेगळा पाणवठा

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तीत इतिहासावर काहीतरी लिहा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. आम्ही गिरणीत पाळ्या करून जमेल तसे वाचलेली माणसे, पंडित नव्हे. परंतु "शेवटी देव एकच ना, मग तुम्ही बौद्ध वेगळे कशाला?" हा प्रश्न शिरूर-दौंड भागात आपल्या पोरांना कॉलेजात, कंपनीत, एसटीत हरघडी ऐकावा लागतो. विचारणारा बहुधा चांगल्या मनानेच विचारतो. म्हणून या 'एक'चे भारतात काय झाले आणि युरोपात काय झाले, ते थोडक्यात मांडतो.

घोडनदी म्हणजे आपले शिरूर. इथे इंग्रजांची छावणी होती. गोऱ्या लोकांच्या स्मशानात कर्नल वॉलेस याची कबर आहे. हा १८०९ साली वारला. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या सरकारी गॅझेटियरात नोंद आहे की ब्राह्मण व मारवाडी सोडून शिरूर आणि आसपासच्या गावांतले हिंदू या कबरीला 'सत्पुरुष' म्हणून भजत आणि सुगीच्या पहिल्या धान्याचा नैवेद्य तिथे आणीत. देव एकच, दुसरा नाही, अशा धर्मात जन्मलेल्या साहेबाचाच आपल्या मुलखाने आणखी एक देव केला! हसू येतं, पण मर्म इथेच आहे. आपल्याकडे देव किती मानावेत, कोणाला मानावे, याला फारशी आडकाठी नव्हती. तेहतीस कोटींत एक गोरा साहेब सहज मावला. शेजारचा माणूस मात्र मावत नव्हता.

युरोपात नेमके उलटे झाले. तिथे देव निर्माता आणि माणूस त्याने निर्माण केलेला, दोघांमध्ये न ओलांडता येणारी रेघ. ती कोणी पुसू लागला की धर्मपीठ खवळत असे. जर्मनीतला साधू एकहार्ट आत्मा आणि देव यांच्या एकत्वावर प्रवचने देई. १३२९ साली पोपने त्याची अठ्ठावीस वचने दोषी ठरवली. तोवर तो वारला होता म्हणून सुटला. विश्व अनंत आहे व त्यात एकच तत्त्व भरले आहे, असे म्हणणाऱ्या ब्रुनोला इतरही आरोप ठेवून १६०० साली रोममध्ये जिवंत जाळले.

आणि स्पिनोझा. हा माणूस आम्हाला विशेष जवळचा वाटतो, कारण तो हातकाम करून पोट भरी. दुर्बिणीची भिंगे घासायचा. चव्वेचाळीसाव्या वर्षी छातीच्या विकाराने गेला. काचेची भुकटी छातीत गेल्यामुळे असेल, असेही म्हणतात. गिरणीतल्या माणसाला ते वेगळे समजावून सांगायला नको. देव आणि निसर्ग ही दोन नव्हेत, एकच आहे, हे त्याचे मत. त्याचा मुख्य ग्रंथ मृत्यूनंतर, १६७७ साली छापला गेला. त्याआधी १६५६ साली, तेवीस वर्षांचा असताना, ॲम्स्टरडॅमच्या ज्यू जमातीने त्याला पाखंडी मतांबद्दल बहिष्कृत केले. त्या फर्मानात काय होते? त्याच्याशी कोणी बोलू नये, एका छपराखाली राहू नये, चार हातांच्या आत जाऊ नये. आपल्या वाडवडिलांची आठवण यावी असेच हे कलम आहे. फरक एवढाच की स्पिनोझाला ही शिक्षा त्याच्या विचारासाठी होती, एकट्यापुरती. आपल्या लोकांना ती जन्मासाठी होती आणि पिढ्यान् पिढ्या होती.

म्हणजे युरोपात विचार विटाळला की शिक्षा, आपल्याकडे पाणवठा विटाळला की शिक्षा. 'मीच ब्रह्म' म्हणणाऱ्याला युरोपात चौकशीला बोलावले असते. इथे त्याला जगद्गुरू केले. आद्य शंकराचार्य सांगतात, ब्रह्म एकच, भेद सारा भासमान. तेच आचार्य ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात शूद्राला वेदाचा अधिकार नाही असे ठरवतात आणि वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे व लाख ओतावी या वचनाचा आधार घेतात. हे काय गौडबंगाल आहे? उत्तर त्यांच्याच शास्त्रात आहे : परमार्थात सर्व एक, व्यवहारात ज्याचे त्याचे स्थान वेगळे. आणि माणूस तर जन्मभर व्यवहारातच राहतो!

तुकोबांची पालखी दरवर्षी दौंड तालुक्यातून जाते, यवतला आणि वरवंडला मुक्काम असतो. वारकऱ्यांनी भेदाला धक्का दिला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वाटेच्या शेवटी चोखोबांची समाधी देवळाच्या आत नाही, महाद्वारापाशी पायरीजवळ आहे. पंढरपूरचे देऊळ आपल्या लोकांना उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. चोखोबांना जाऊन तेव्हा सहाशे वर्षे झाली होती.

युरोपातले पंडित आपल्या वेदान्तावर भाळले, हेही सांगितले पाहिजे. दारा शुकोहने १६५७ साली उपनिषदे फारसीत करवली, त्यांचे लॅटिन भाषांतर १८०१-०२ मध्ये निघाले आणि ते शोपेनहॉअरच्या हाती पडले. (या गृहस्थाने १८५६ च्या सुमारास आपल्या खोलीत बुद्धमूर्ती आणून ठेवली होती. नागपूरच्या दीक्षेच्या शंभर वर्षे आधी!) त्याचा अनुयायी डॉयसन १८९३ च्या फेब्रुवारीत मुंबईत आला आणि रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे बोलला. बायबल सांगते शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम कर, पण का करावे ते वेदान्त सांगतो : कारण तो शेजारी तूच आहेस. बोलणे सुंदर आहे. परंतु त्या काळी मुंबईच्या बाहेर कोणत्याही गावात गेला असता तर शेजारी कुठे राहतो ते त्याला वेशीबाहेर दिसले असते.

ख्रिस्ती 'एक'चीही तीच गत. सगळी एका पित्याची लेकरे असे सांगत अमेरिकन मिशन नगरला आले, शिरूरलाही त्याचे ठाणे झाले. शाळा काढल्या, त्याचे ऋण आहे. पण त्या अमेरिकेत १८६५ पर्यंत माणसे विकली जात होती, आणि विकणारेही रविवारी प्रार्थनेला बसत.

प. पू. डॉ. बाबासाहेबांनी हे दोन्ही 'एक' तराजूत घातले. त्यांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' राज्य शासनाने १९८७ साली छापले. वाद पेटला तो राम-कृष्णावरील परिशिष्टावर. ब्रह्मावरचे कोडे फारसे कोणी वाचलेच नाही. तिथे बाबासाहेब म्हणतात, आपण देवाची लेकरे म्हणून समान, हा लोकशाहीला फार कच्चा पाया आहे. उलट तू आणि मी एकाच विश्वतत्त्वाचे भाग आहोत हे खरोखर मानले, तर लोकशाहीशिवाय दुसरी समाजव्यवस्था उरतच नाही. वेदान्ताची एवढी किंमत कोणा वेदान्त्यानेही धरली नसेल! आणि मग ते विचारतात, इतके मोलाचे तत्त्व हाती असताना त्यातून तसा समाज का घडला नाही? त्यांचे उत्तर असे की ब्रह्म हे तत्त्वज्ञान राहिले, त्याचा धर्म झालाच नाही. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आपल्या कोरेगाव भीमाला आले आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या तळ्यावर गेले. तळ्यावर त्यांनी ब्रह्म एक की अनेक हा वाद घातला नाही. ओंजळभर पाणी घेतले.

हा प्रश्न तथागतांपुढेही आला होता. दीघ निकायातील तेविज्ज सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण भांडत येतात : ब्रह्माशी एकरूप होण्याचा सरळ मार्ग कोणाचा, तुझ्या गुरूचा की माझ्या? तथागत विचारतात, तुमच्या गुरूने ब्रह्म समोरासमोर पाहिले आहे काय? गुरूच्या गुरूने? सात पिढ्यांत कोणी? नाही. मग हे एकमेकांना धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेसारखे झाले. पुढे नदीचा दाखला येतो. पूर आलेला, माणसाला पलीकडे जायचे, आणि तो अलीकडच्या काठावर उभा राहून पलीकडच्या काठाला हाका मारतो, "अरे, इकडे ये!" श्रावणात भीमा किंवा घोड दुथडी भरलेली पाहिली आहे, त्याला हा दाखला लगेच कळेल. शेवटी तथागत त्या दोघांना मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा चारही दिशांना पसरायला सांगतात. कोणी दिशा वगळलेली नाही, गावकुसाबाहेरचीही नाही.

समता, स्वातंत्र्य, बंधुता आपण फ्रेंच क्रांतीतून घेतलेली नाही, बुद्धाकडून घेतली, असे बाबासाहेब ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात म्हणाले होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली निघाला. त्यातल्या तिसऱ्या खंडाचा चौथा भाग 'धम्म काय नाही' हा आहे आणि ब्रह्माशी ऐक्य हा विषय बाबासाहेबांनी तिथेच घेतला आहे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते. हा भाग ज्या दिवशी येईल त्या दिवशी पाळी बदलून आम्ही हजर राहू. ज्यांना हा प्रश्न एसटीत विचारला जातो त्या पोरांनीही यावे.