तडजोड नेमकी कोणाची?

दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी काय आणावे, हा विषय निघाला की शिकलेल्या मराठी घरांत उत्तर जवळजवळ ठरलेले असते. ऐपत असेल तर उत्तम लाकडी मॉन्टेसरी साहित्य घ्यावे, नसेल तर घरच्या घरी काहीतरी करून वेळ मारून न्यावी. म्हणजे घरगुती साहित्य हे अस्सल साहित्याच्या अभावी चालवून घ्यायचे. हे मत मला मान्य नाही. पण ते पोकळही नाही, त्यामुळे खोडण्याआधी ते त्याच्या पूर्ण बळासह मांडले पाहिजे.

पूर्वपक्ष असा. मारिया मॉन्टेसरी वैद्यक शिकलेल्या. त्यांचे साहित्य एखाद्या खेळणीवाल्याला सुचलेले नाही. इटार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांनी मंदबुद्धी समजल्या जाणाऱ्या मुलांबरोबर जे काम केले, त्यातून ते घडत आले. गुलाबी मनोरा घ्या. त्यात 10 घन असतात. सर्वांत लहान घनाची बाजू 1 सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची 10 सेंटिमीटर. रंग एकच, आकार एकच, बदलते ते फक्त माप. त्यामुळे मुलाचे लक्ष फाटत नाही. दट्टापेटीत, म्हणजे खाचांत वेगवेगळ्या मापांचे दट्टे बसवायच्या लाकडी साहित्यात, चुकीच्या खाचेत दट्टा बसतच नाही, किंवा बसला तर शेवटी एक दट्टा उरतो. चूक बाईंनी दाखवावी लागत नाही, साहित्यच ती दाखवते. आता हाच मनोरा आईने पुठ्ठ्याचा केला तर माप दोन-तीन मिलिमीटरने चुकणार आणि आठवड्याभरात कोपरे चेपणार. शिवाय, या पक्षाचे म्हणणे, आपल्याकडच्या थोर मंडळींनीही घरगुती साहित्य नाइलाजानेच घेतले. ताराबाई मोडकांना खेड्यात महागडी साधने परवडेनात, म्हणून त्यांनी शंखशिंपले आणि पानेफुले वापरली. गरिबी होती तोवर ते ठीक होते, आज कशाला?

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सर्वांत जास्त वेळा सांगितला जातो आणि सर्वांत कमी तपासला जातो.

ताराबाई मॉन्टेसरी साहित्याला नवख्या नव्हत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी अनेक वर्षे काम केले. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला त्यातही त्या होत्या. पुढे दादरला त्यांनी शिशुविहार चालवले. म्हणजे 1945 साली त्या बोर्डीला गेल्या तेव्हा हे साहित्य काय करते आणि काय करत नाही, हे त्यांनी वीसेक वर्षे हाताळून पाहिलेले होते. बोर्डीत पैसा नव्हता हे खरेच. पण पैसा नसला म्हणजे त्यापुढचा प्रत्येक निर्णय नाइलाजाचाच असतो, असे होत नाही. तिथे मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. आंघोळ, नखे, केस यांपासून सुरुवात झाली. मग गाणी, मग समुद्रकाठचे शिंपले, खडे, बिया, काटक्या. अनुताई वाघ तिथे ताराबाईंना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात नांदू लागली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. ज्या बाई शाळा उचलून कुरणात नेतात, त्या शिंपल्यांच्या बाबतीत तेवढ्या हतबल होत्या, हे पटायला जड जाते.

शिवाय गंमत अशी की ज्या साहित्याला आज आपण ‘गरिबांना न परवडणारे’ म्हणतो, त्याचा जन्म गरिबांच्याच चाळीत झाला. 6 जानेवारी 1907 रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या कामकरी वस्तीत पहिले बालगृह उघडले, ते मुळात आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांत हुंदडून भिंती खराब करणारी पोरे सांभाळायला. इमारतींच्या मालक कंपनीचा तो हिशेब होता. त्या बालगृहाच्या नियमांत मुलांचे वय तीन ते सात असे लिहिलेले होते. आज दीड वर्षाच्या बाळापुढे मनोरा मांडून, तो ओळीने रचत नाही म्हणून काळजीत पडणाऱ्या पालकांना हे आकडे कोणी सांगत नाही. आणि त्याच बालगृहात देणगी म्हणून आलेल्या छान छान खेळण्यांकडे मुलांनी ढुंकूनही पाहिले नाही, हे खुद्द मॉन्टेसरींनीच लिहून ठेवले आहे. भाजी सोलणे, पाणी ओतणे, हात धुणे, टेबल पुसणे या घरकामांना त्यांच्या पद्धतीत पहिले स्थान आहे. दुकानात ती विकत मिळत नाहीत, म्हणून जाहिरातीत दिसत नाहीत.

आता अचूकपणाचा मुद्दा. इथे मी अर्धा मुद्दा सोडून देतो: पुठ्ठ्याचा गुलाबी मनोरा करू नये. कारखान्यात कापलेल्या वस्तूची घरी नक्कल केली की ती हरणारच. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला मापातला बारीक भेद दाखवायचा असेल तर लाकडी मनोरा सरस आहे आणि राहील. पण घरगुती म्हणजे हाताने केलेली नक्कल, हे गृहीतच चुकते. स्वयंपाकघरातली निम्मी भांडी कारखान्यातच घडलेली असतात. एकात एक बसणारे स्टीलचे पाच डबे फरशीवर मांडा आणि झाकणे बाजूला ठेवा. मूल मोठे झाकण छोट्या डब्यावर ठेवते, ते कडेवरून घसरून खणकन पडते. छोटे झाकण मोठ्या डब्यावर ठेवते, ते आत जाऊन बसते आणि बोटांना निघत नाही. मग डबा उपडा करायचा, झाकण खाली पडते, पुन्हा पहिल्यापासून. बरोबर जोडी जमली की झाकण किंचित अडखळून, दाबल्यावर बसते. तो दाब तळहाताला कळतो. चूक दाखवणारे साहित्य म्हणतात ते याहून वेगळे काय असते? मिसळणाच्या डब्यातल्या सात वाट्या रिकाम्या करून दिल्या तर त्या पुन्हा गोल डब्यात बसवणे हे दोन वर्षांच्या मुलासाठी भरपूर काम आहे. सहा वाट्या कडेने लावल्याशिवाय सातवी मधे नीट राहत नाही, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

आणि शिंपले? मनोऱ्यात एकच गुण बदलतो, शिंपल्यात सगळेच: आकार, रंग, खरखर, वजन, कानाशी धरल्यावर येणारा आवाज. मॉन्टेसरींच्या तर्काने हा दोष आहे. मला वाटते, लहान मुलापुरता तो गुण आहे. कुठल्या गुणावरून वेगळे काढायचे हे मुलाने ठरवायचे असते. आज ते मोठे-लहान करील, उद्या पांढरे एकीकडे आणि भोके असलेले दुसरीकडे. मोठ्यांना त्या ढिगांत नियम दिसत नाही, एवढ्यावरून तो नसतोच असे नाही. एकच गुण बाजूला काढून तपासायचा तर आधी पुष्कळ गुण एकत्र भेटलेले असावे लागतात.

ही भांडणे नवी नाहीत. फ्रेडरिक फ्रोबेलने 1837 साली जर्मनीतल्या ब्लांकनबुर्गला आपली ‘भेटवस्तूं’ची मालिका सुरू केली. पहिली भेट लोकरी धाग्यांचे चेंडू, पुढे गोल, नळकांडे, घन. त्याच्याच हस्तकामांत भिजवलेले वाटाणे काड्यांना जोडून सांगाडे बांधणे होते, कागदाच्या घड्या होत्या, पट्ट्यांचे विणकाम होते. सामान सगळे घरातले. पण अमेरिकेत 1869 च्या सुमारास मिल्टन ब्रॅडलीने भेटवस्तू कारखान्यात काढायला घेतल्या, आणि हळूहळू कुठला ठोकळा कोणत्या क्रमाने, कोणत्या हाताने उचलायचा इथपर्यंत शिस्त आली. जी. स्टॅन्ले हॉल या मानसशास्त्रज्ञाने तक्रार केली ती अशी की ही कामे लहान बोटांना फार बारीक आहेत, मुलाला आधी दंड आणि खांदे वापरू द्या. मग बालशिक्षिका पॅटी हिल यांनी मूल आत शिरू शकेल असे घर बांधता येणारे मोठमोठे ठोकळे आणले.

हॉल यांचे म्हणणे शरीरशास्त्रालाही धरून आहे. जन्मतः मनगटातली हाडे कूर्चेचीच असतात, ती टणक होत जायला बरीच वर्षे लागतात. वर्षाचे बाळ चिमटीत मुरमुरा पकडते, पण खडू मात्र मुठीत धरते. साधारण दुसऱ्या वर्षी उभी रेघ, तिसऱ्याच्या आसपास गोल, चौकोन त्याहून बऱ्याच पुढे. रोडा केलॉग यांनी जगभरची लाखो बालचित्रे गोळा करून दाखवले की गिरगोट्यांनाही प्रकार असतात. मुळाक्षरांसारखे वीस मूळ प्रकार त्यांनी वेगळे काढले. गिरगोटा म्हणजे फसलेले चित्र नव्हे.

इथे घरगुतीच्या बाजूने लढणाऱ्यांचाही कान धरला पाहिजे. शिशुवर्गाच्या दारावर कापूस चिकटवलेल्या मेंढ्या पाहिल्या आहेत? सगळ्यांचे डोळे एकाच जागी, सगळ्यांचे कान एकाच मापाचे. बाईंनी काढल्या, बाईंनी कापल्या, डिंक बाईंनी लावला, मुलाने दाखवलेल्या जागी कापूस टेकवला. सामान घरगुती, पण डोके कारखान्याचे. दिवाळीच्या किल्ल्याचेही तेच होत चालले आहे. प्लास्टरचा तयार किल्ला आणला की दोन वर्षांच्या मुलाला फक्त मावळा ठेवायला मिळतो. मातीच्या किल्ल्यात त्याला माती कालवायला मिळते, थापायला मिळते, ओल्या उतारावर अळीव पेरायला मिळतात. किल्ला वेडावाकडा होतो आणि पायऱ्या पहिल्याच दिवशी ढासळतात. अरविंद गुप्तांची काड्यापेटीतल्या काड्यांची आणि व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी मला अतिशय प्रिय आहेत, पण ती दोन वर्षांच्या मुलापुढे ठेवून बाबाच ती करत बसतात तेव्हा तो बाबांचा खेळ असतो. चांगलाच असतो, मुलाचा नसतो.

एका बाबतीत मात्र पूर्वपक्ष माझ्यापेक्षा बळकट आहे: सुरक्षितता. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे आहे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुटा भाग घशात अडकेल का, हे सुमारे 32 मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात तो टाकून तपासतात; आत मावला तर बाद. घरच्या वस्तूंना ही चाळणी नसते. शेंगदाणा, फुटाणा, मणी, राजमा यांच्या ‘वर्गीकरणा’चे व्हिडिओ दोन वर्षांच्या मुलांसाठी म्हणून फिरतात, ते मला भयंकर वाटतात. शेंगदाणा श्वासनलिकेत गेला की दवाखाना गाठावा लागतो, आणि रिमोटमधला बटणसेल गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजते. म्हणून या वयात घरचे साहित्य म्हणजे मुठीएवढे किंवा त्याहून मोठे, नाहीतर खाल्ले तरी चालेल असे मऊ.

कणीक त्यात पहिली. मेथी दुसरी. जुडी धुऊन, पाणी झटकून ताटात पसरली की मुलाला एक काडी द्यायची. आधी ते पूर्ण काडी मुठीत चुरते. मग पाहत पाहत अंगठा आणि तर्जनी यांत एक पान धरून ओढते. पान तुटते आणि देठ हातात राहतो, किंवा उलट. पान ताटात, देठ कागदावर, हे दोन ढीग त्याला सांगावे लागत नाहीत, शेजारी आजी करत असते ते दिसत असते. कडू लागले म्हणून ते थुंकते आणि पुन्हा तोंडात घालते. यात चिमटीचा जोर आहे, वर्गीकरण आहे, चव आहे, आणि रात्री ताटात ती भाजी खरोखर येते, जे कापसाच्या मेंढीचे होत नाही.

यावर शेवटचा आक्षेप आयांचा असतो, आणि तो मॉन्टेसरींच्या नावाने घेतला जात नाही: असे करत बसायला वेळ कोणाला आहे? हा खरा आक्षेप आहे. मुलाबरोबर मेथी निवडायला दुप्पट वेळ जातो, चार देठ कढईत जातात आणि फरशी पुसावी लागते. नोकरीवरून सातला घरी येणाऱ्या बाईने त्या दिवशी मनोऱ्याचा डबा पुढे सरकवला तर तिला कोणी नावे ठेवू नयेत. फक्त ती तडजोड तिची आहे, ताराबाईंची नव्हे. आणि आठ वाजता घरातला पुरुष मोबाइल घेऊन सोफ्यावर बसलेला असतो, त्याच्यापुढे जुडी ठेवायला काहीच हरकत नाही.