मुक्तस्रोत राउटर

चिपवरील घटकांना जोडणाऱ्या धातूच्या तारांचे मार्ग आखणारी संगणकप्रणाली. हिचा सोर्स कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वापरता येतो. सांगलीचे वालचंद, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय अशा ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांना तिचे मोल विशेष, कारण व्यापारी प्रणालींचे परवाने फार महाग पडतात.

घटक आपापल्या जागी बसले की राउटिंग सुरू होते. तारा एकावर एक रचलेल्या धातूच्या थरांतून जातात. सहसा एका थरात आडव्या, लगतच्या थरात उभ्या. थर बदलायचा तर ‘व्हाया’ हा जोड लागतो. एकाच थरात दोन तारा भिडल्या तर शॉर्ट होतो, आणि ठरल्यापेक्षा जवळ आल्या तरी चिप बनवणाऱ्या कारखान्याचा नियम मोडतो. म्हणून आधी चिपचे चौकोन पाडून कोणती तार कुठून न्यायची हे ठरते, म्हणजे एका जागी गर्दी होत नाही. मग प्रत्येक तारेची नेमकी रेघ ओढली जाते.

यामागची सर्वांत शिकण्याजोगी युक्ती सी. वाय. ली यांची, 1961 सालची. उसाच्या शेतात सोडलेले पाणी सरीसरीने पुढे सरकावे, तसा मार्गाचा शोध उगमापासून चहूकडे पसरतो आणि अडथळे चुकवत मुक्कामी पोचतो. मार्ग असेल तर तो सापडतोच, तोही सर्वांत जवळचा. मात्र मेमरी आणि वेळ भरपूर खर्च होतो. टिम एडवर्ड्स यांचा ‘क्यूराउटर’ हा मुक्तस्रोत राउटर याच पद्धतीचा. एखादी तार अडली, की वाटेतल्या तारा उखडून तो त्या नव्याने टाकतो.

2018 मध्ये अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण-संशोधन संस्थेच्या अर्थसाहाय्याने, अँड्र्यू कांग यांच्या नेतृत्वाखाली ‘ओपनरोड’ हा मुक्तस्रोत प्रकल्प सुरू झाला. माणसाचा हात न लागता 24 तासांत चिपचा आराखडा, हे त्याचे उद्दिष्ट. त्यात राउटिंगचा पहिला टप्पा ‘फास्टराउट’वर बेतलेला, दुसरा ‘ट्रायटनराउट’चा. डार्पाच्याच कार्यक्रमातून अॅनालॉग सर्किटांसाठी ‘अलाइन’ ही प्रणाली घडली. तिचे नेतृत्व मिनेसोटा विद्यापीठात मुंबई आयआयटीचे पदवीधर सचिन सापटणेकर यांनी केले.

2020 मध्ये गूगल आणि चिप बनवणारी कंपनी स्कायवॉटर यांनी 130 नॅनोमीटर प्रक्रियेचे नियम खुले केले आणि या राउटरांना खुल्या नियमांवर खरी चिप आखता येऊ लागली.

अत्याधुनिक चिपमध्ये व्यापारी राउटर आजही पुढे आहेत. 130 नॅनोमीटरच्या कामाला मुक्तस्रोत राउटर पुरतात. सातारा-सांगलीतील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ओपनरोड प्रयोगशाळेतील लिनक्स संगणकांवर बसवावा आणि एका लहान प्रोसेसरचे राउटिंग प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घ्यावे.