या त्सीन
अमेरिकेच्या अलास्का राज्यातील सिट्का गावचा प्रायोगिक इंडी रॉक बँड. संस्थापक निकोलस गॅलनिन (जन्म १९७९) हे त्लिंगिट व उनांगान या आदिवासी वंशांचे गायक आणि नामांकित दृश्यकलावंत. बँडचे नाव त्यांच्या त्लिंगिट नावावरूनच आले. ‘इंडियन यार्ड’ हा पहिला अल्बम सिअॅटलच्या सब पॉप कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये काढला. रॉक, सोल, हिपहॉप आणि सिंथेसायझर यांची त्यात सरमिसळ आहे. ‘आदिवासी संगीत’ म्हणून ढोल-मंत्रांची अपेक्षा ठेवणारा श्रोता चकित होतो. त्याच वर्षी पाम स्प्रिंग्जच्या वाळवंटात गॅलनिन यांनी हॉलिवूडच्या पाटीच्या धर्तीवर ‘इंडियन लँड’ ही प्रचंड पांढरी अक्षरे उभारली. आदिवासींच्या हिरावलेल्या जमिनीचा हा प्रश्न त्यांच्या गाण्यांतही येतो, मात्र अनेकदा प्रेमगीताच्या आडून.