दिसायला निरोगी



मृगाचा पहिला दणका झाला आणि काल रात्री शेततळ्यावर बेडकांनी नुसता गोंधळ घातला. झोप लागेना, पण बरं वाटलं. कारण जगात अशी कितीतरी डोंगरखोरी आहेत, जिथं हा आवाज गेल्या चार-पाच दशकांत कायमचा बंद झालाय. बंद केला एका बुरशीनं. तिचं नाव कायट्रिड.

आपण द्राक्षवाले, आपल्याला केवडा पाठ आहे. तो १८७८ च्या सुमारास फ्रान्सात पोचला. तिथल्या वेलींची मुळं फिलॉक्सेरा कीड खात होती, म्हणून अमेरिकेतून तगडे खुंट मागवले. खुंट दिसायला निरोगी. रोग त्यांच्यासोबत आला. बेडकांचंही असंच झालं.

१९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतली नख्यावाली बेडकी दवाखान्यांच्या कामाला आली. बाईची लघवी बेडकीला टोचायची. दिवस गेले असतील तर बेडकी काही तासांत अंडी घालते. ती मरत नाही, पुन्हा वापरता येते. मग काय, हजारोंनी बेडक्या देशोदेशी गेल्या. त्यांच्या कातडीवर ही बुरशी राहते, पण त्यांना सहसा काही होत नाही. पुढं शास्त्रज्ञांनी संग्रहालयातल्या जुन्या बरण्या तपासल्या, तर १९३८ सालच्या बेडकीवर बुरशी सापडली. २०१८ च्या जनुकीय अभ्यासानं तिचं मूळ पूर्व आशियात, कोरियाकडं दाखवलं. म्हणजे दोष एकट्या त्या बेडकीचा नाही. खाण्यासाठी नेलेले अमेरिकन बुलफ्रॉग, हौसेसाठी विकलेले बेडूक, सगळ्या व्यापारानंच तिला फिरवलं.

बेडूक कातडीनं पाणी पितो, कातडीनं श्वासही घेतो. बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहत येतात आणि कातडीत घुसतात. रक्तातले क्षार घटतात आणि शेवटी हृदय थांबतं. बुरशीला थंडावा मानवतो, म्हणून डोंगरातल्या थंड ओढ्यांवर मार जास्त.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या डोंगरातले बेडूक १९७० च्या दशकाअखेरीपासून गायब होऊ लागले. रोग ओळखू आला १९९८ ला! बुरशीचं बारसं झालं १९९९ ला. तोवर वीस वर्षं गेली. पनामातला सोनेरी बेडूक म्हणजे तिथल्या लोकांचं शुभचिन्ह. २००६ साली साथ जवळ आली तेव्हा एल व्हाये गावात लोकांनी बेडूक पकडून चक्क हॉटेलच्या खोल्यांत ठेवले. आज तो टिकलाय, पण पिंजऱ्यात. २०१९ च्या हिशोबाप्रमाणं ५०१ जातींना फटका बसला, त्यातल्या ९० बहुधा कायमच्या गेल्या.

"बेडूक गेले तर आपलं काय?" असं कुणी म्हणेल. पनामा आणि कोस्टारिकात बेडूक संपले तिथं पुढची काही वर्षं मलेरिया वाढल्याचं २०२२ च्या अभ्यासात दिसलं. डास खाणारं कुणी उरलं नाही ना! आपल्याकडं तर बेडकाचे पाय परदेशी विकले जायचे. ती निर्यात १९८७ ला बंद झाली.

सह्याद्रीतल्या बेडकांवरही ही बुरशी सापडलीय. तसा संहार इथं झाल्याची नोंद नाही, म्हणून आत्ताच जपलेलं बरं. तळ्यात मत्स्यबीज सोडताना पिशवीतलं पाणी आणि त्यातले बेडूकमासे तळ्यात ओतू नका. एका ओढ्यातून दुसऱ्यात जाताना बूट, जाळं उन्हात खडखडीत वाळवा. वाळलं की ही बुरशी मरते.

रोप आणताना आपण मुळं बघतो, पानं उलटून बघतो. पण न दिसणारं काय सोबत येतंय, हे विचारायची सवय अजून लागायचीय.

तुमच्या तळ्यावर यंदा आवाज कसा आहे? पूर्वीइतका, का कमी? सांगा.